गुडघ्यामागची गाठ : पायातल्या शिरेच्या फुगवट्याचं निदान आणि डहाणू-तलासरी

एका पायाला सूज किंवा गाठ घेऊन डहाणू-तलासरीतला माणूस सरकारी दवाखान्यात येतो, तेव्हा डॉक्टरांच्या मनात कारणांची एक लांबलचक यादी तयार असते. हत्तीरोग, साप चावून गेल्यानंतरची सूज, अनवाणी पायात काटा मोडून जांघेत आलेलं अवधाण, मांडीतला पू, सिकलसेलची न भरणारी जखम, बाळंतिणीच्या पायाची सूज, फुगलेल्या वेड्यावाकड्या शिरा. या भागात यातलं प्रत्येक कारण खरोखर दिसतं. शिरेचा फुगवटा, म्हणजे वैद्यकीय भाषेत व्हीनस ॲन्युरिझम, या यादीत सहसा नसतो. तो दुर्मीळ आहे, त्यामुळे नसण्यात फारसं नवल नाही. तरीही तो यादीत, अगदी तळाला का होईना, असायला हवा असं माझं मत आहे. कारण गुडघ्यामागच्या फुगवट्याचं पहिलं लक्षण कित्येकदा पायात नव्हे, तर छातीत दिसतं. आणि गाठ समजून त्यात सुई घातली, तर बरा होऊ शकणारा माणूस धोक्यात येतो.

आधी हा प्रकार नेमका काय ते पाहू. पायातून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरेची भिंत एका जागी कमजोर होते आणि तेवढाच भाग पिशवीसारखा किंवा मधे जाड झालेल्या नळीसारखा फुगतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्या भिंतीतले लवचीक तंतू आणि स्नायू कमी झालेले असतात, त्यांची जागा घट्ट तंतुमय पेशीजालाने घेतलेली असते. किती फुगलं म्हणजे ॲन्युरिझम म्हणायचं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. कुणी शेजारच्या शिरेच्या दीडपट म्हणतं, कुणी दुप्पट, कुणी तिप्पट. गुडघ्यामागची खोल शीर, म्हणजे पॉप्लिटिअल व्हेन, साधारणपणे सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी रुंद असते. तिचा फुगवटा २० मिलिमीटरच्या वर गेला किंवा पिशवीच्या आकाराचा असला, की बहुतेक रक्तवाहिनी शल्यविशारद शस्त्रक्रियेचा विचार करतात. व्हेरिकोज व्हेन्सशी याची गल्लत होते, पण दोन्हींत फरक आहे. व्हेरिकोज शिरा कातडीखालच्या असतात, लांबच्या लांब फुगतात, नागमोडी होतात आणि डोळ्यांना दिसतात. गुडघ्यामागचा फुगवटा मात्र खोल शिरेत, एकाच जागी असतो आणि बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही.

या विषयाचा वैद्यकीय इतिहास छोटा आहे. शिरेच्या फुगवट्याची गोष्ट बहुधा विल्यम ऑस्लर यांच्या १९१३ मधल्या काखेतल्या रक्तवाहिन्यांवरच्या लेखापासून सांगितली जाते. गुडघ्यामागच्या फुगवट्याचं वर्णन १९६८ मध्ये माय आणि निसल यांनी केलं, शिरेत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेच्या आधारे. खरं गांभीर्य लक्षात आलं ते १९७६ मध्ये. डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसात वारंवार गुठळ्या जाणाऱ्या रुग्णाची हकिगत मांडली, आणि त्या गुठळ्यांचं उगमस्थान गुडघ्यामागचा फुगवटा होतं. २००० मध्ये फ्रान्समधल्या सेसा आणि सहकाऱ्यांनी २५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. २००६ मध्ये स्वीडनच्या बेर्गक्विस्ट यांनी तोवरच्या सगळ्या नोंदी चाळून जगभरातले मिळून १०५ रुग्ण जमवले. अशा लहान संग्रहातून काढलेल्या टक्केवारीकडे मी जपून पाहतो. ज्यांना त्रास झाला त्यांच्याच हकिगती छापून येतात. फुगवटा घेऊन आयुष्यभर सुखाने शेतात राबलेल्या माणसाची नोंद कुणी करत नाही. म्हणून फुगवटा असलेल्या किती जणांना फुप्फुसातली गुठळी होते, हा आकडा त्या लेखांत फुगून येण्याची शक्यता आहे. पण जेव्हा गुठळी जाते तेव्हा ती जिवावर बेतू शकते, आणि नुसत्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर भरवसा ठेवलेल्या काही रुग्णांत गुठळी पुन्हा गेली, या दोन गोष्टींबद्दल मतभेद नाहीत.

गुठळी होते कशी, तेही समजून घ्यायला हवं. ओढ्याच्या वळणावर डोह असतो तिथे पाणी गोलगोल फिरत राहतं आणि गाळ साचतो. फुगलेल्या शिरेत रक्ताचं तसंच होतं. संथ फिरणाऱ्या रक्तात गुठळी धरते. मग माणूस चालायला लागला की पोटरीचे स्नायू आवळले जातात, गुडघा वाकतो, फुगवट्यावर दाब येतो आणि गुठळीचा तुकडा सुटून मांडीतून, पोटातून, हृदयातून थेट फुप्फुसात पोचतो. माणसाला एकाएकी धाप लागते, श्वास घेताना छातीत टोचतं, कधी खोकल्यातून रक्त पडतं, कधी चक्कर येऊन तो कोसळतो.

आता ही लक्षणं घेऊन कुणी उधव्याहून किंवा सायवनहून आलं तर काय होईल, याचा विचार करा. खोकल्यातून रक्त म्हणजे आधी क्षयरोग, आणि ते बरोबरच आहे. थुंकी तपासलीच पाहिजे. धाप म्हणजे रक्त कमी असणं, दमा, हृदयाची झडप, न्यूमोनिया. या भागात हे सगळं इतकं नेहमीचं आहे, की थुंकीत काही मिळालं नाही, एक्स-रे जवळपास साफ निघाला आणि हिमोग्लोबिनवरून धापेचा उलगडा होत नसला, तरी पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो प्रश्न पायाचा आहे. एका पायाची पोटरी दुसऱ्यापेक्षा जाड आहे का, दाबल्यावर दुखते का, गुडघ्यामागे काही हाताला लागतं का. टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजायला मिनिटभर पुरतं.

सिकलसेलने हा गोंधळ आणखी वाढतो. डहाणू आणि तलासरी हे वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी अशा आदिवासी समाजांचे तालुके आहेत, आणि सिकलसेल इथल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तपासण्यांना जोर आला. सिकलसेलच्या रुग्णाला शिरेत गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त असतो, घोट्याजवळ जखमा होतात आणि छातीत दुखून धाप लागण्याचा त्याचा स्वतःचा एक गंभीर प्रकार असतो. त्याने शिरेचा फुगवटा होत नाही. पण सिकलसेलचं कार्ड हातात असलेल्या तरुणाच्या छातीत दुखलं, की सगळं त्या एका आजाराच्या खात्यावर टाकण्याचा मोह होतो. अशा रुग्णाच्या पायाच्या शिरा तर अधिक आवर्जून पाहायला हव्यात.

सूज चोळण्याची सवय हाही इथला महत्त्वाचा मुद्दा आहे. पोटरी दुखली की तेल लावून जोरात रगडायचं, हे घराघरात चालतं. भगताकडे किंवा हाड बसवणाऱ्याकडे गेल्यावरही तेच होतं. मुका मार किंवा थकलेले स्नायू असतील तर त्याने आराम पडतो. पण एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर आत गुठळी असू शकते आणि रगडल्याने ती सुटू शकते. आशाताईंनी पाड्यावर सांगायची एक गोष्ट निवडायची झाली, तर मी हीच निवडेन : एकाच पायाला सूज असेल तर चोळू नका, दाखवा.

जांघेतला फुगवटा वेगळ्या तऱ्हेने फसवतो. मांडीच्या आतल्या बाजूची लांब शीर जांघेत खोल शिरेला मिळते, तिथे कधीकधी पिशवी तयार होते. उभं राहिलं की दिसते, आडवं झालं की गायब होते, खोकलं की हाताला धक्का लागतो. ही सगळी लक्षणं हर्नियाचीही आहेत. फरक बारीक आहे : शिरेची पिशवी मऊ असते, बोटाने सहज दबते, निळसर झाक दिसते, आणि खोकताना लागणारा धक्का थरथरीसारखा जाणवतो. त्याच पायावर खाली व्हेरिकोज शिरा असतील तर संशय पक्का करावा. हर्निया समजून तिथे चाकू लावला, तर टेबलावर अनपेक्षित रक्तस्राव होतो. अवधाणाची गाठ मात्र घट्ट, दुखरी असते, झोपल्याने नाहीशी होत नाही आणि पायावर कुठे तरी जखम सापडते.

आणखी एक प्रकार हात आणि कानांनीच पकडता येतो. विळ्याने किंवा कोयत्याने पूर्वी खोल वार झालेला असेल, तर धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या जाऊन शीर फुगू शकते. तिथे हात ठेवला तर सतत थरथर लागते, स्टेथोस्कोप लावला तर घरघर ऐकू येते. जुन्या जखमेचा व्रण पाहणं आणि त्यावर स्टेथोस्कोप टेकवणं, याला वीज लागत नाही.

सगळ्यात धोकादायक गल्लत बेकर्स सिस्टशी होते. गुडघ्याची झीज झालेल्या वयस्क माणसांत सांध्यातलं पाणी मागच्या बाजूला साठून गाठ येते, आणि ती खूपच जास्त आढळते. म्हणून गुडघ्यामागे मऊ गाठ लागली की सिस्ट म्हणायचं आणि सुईने पाणी काढायचं, हा सोपा मार्ग वाटतो. शंभरातल्या बहुतेक वेळा निदान बरोबरही ठरेल. पण त्या खोलगट जागेत धमनी, शीर आणि मज्जातंतू अगदी खेटून असतात. गुडघ्यामागच्या कुठल्याही गाठीत सोनोग्राफी न करता सुई घालू नये, हा नियम सरसकट पाळला जायला हवा, आणि त्याला अपवाद नको.

मग सोनोग्राफी कशी करायची? इथे थोडं थांबून तपशिलात जायला हवं, कारण निदान इथेच मिळतं किंवा इथेच हुकतं. रुग्णाला आडवं झोपवून, पोटावर फिरवतात तोच रुंद गोल प्रोब गुडघ्यामागे फिरवला, तर फुगवटा बऱ्याचदा दिसत नाही. झोपल्यावर शिरेतलं रक्त उतरतं आणि पिशवी चपटी होते. म्हणून रुग्णाला उभं करायचं, भार दुसऱ्या पायावर द्यायला सांगायचं, तपासायचा गुडघा किंचित वाकलेला आणि सैल ठेवायचा, हाताला धरायला खाट किंवा टेबल द्यायचं. सरळ चपट्या तोंडाचा, जास्त वारंवारतेचा लिनिअर प्रोब गुडघ्यामागच्या घडीवर आडवा ठेवायचा. पडद्यावर दोन गोल दिसतात : एक धडधडणारा आणि दाबूनही न दबणारा, ती धमनी, दुसरा मोठा आणि दाबला की मिटणारा, ती शीर. ती वरपासून खालपर्यंत पाहत जायची आणि जिथे अचानक रुंद होते तिथे थांबायचं. आतमध्ये कधी धुरासारखं काही तरी संथ घुमताना दिसतं. ते संथ रक्त असतं. प्रोबने दाबलं आणि पोकळी पूर्ण मिटली नाही, तर आत गुठळी आहे.

त्यानंतर रंग, म्हणजे डॉपलर. यंत्र धमनीच्या वेगवान रक्तासाठी लावलेलं असेल, तर शिरेतलं संथ रक्त त्याला दिसतच नाही, पोकळी काळी राहते आणि अहवालावर सिस्ट असं लिहिलं जातं. वेगाची मर्यादा खाली आणावी लागते. मग दुसऱ्या हाताने पोटरी हलकेच आवळायची. पिशवीत रंग भरून वाहताना दिसला, तर ती शिरेशी जोडलेली आहे हे सिद्ध झालं. श्वासाबरोबर प्रवाह कमीजास्त होतो का, हेही आलेखावर पाहायचं. वर मांडीत किंवा पोटात अडथळा असेल तर ही लय हरवते. गुठळीचा दाट संशय असताना मात्र पोटरी आवळायची नाही. बेकर्स सिस्टमध्ये रंग भरत नाही आणि तिची मान दोन स्नायूंच्या मधून सांध्याकडे जाताना दिसते. पूर्ण गुठळीने भरलेला फुगवटा सगळ्यात अवघड, कारण त्यातही रंग येत नाही आणि तो घट्ट गाठीसारखा, अगदी ट्यूमरसारखा दिसतो. तेव्हा वरखाली शीर शोधून ती त्या गाठीतच शिरते का, हे पाहणं हाच मार्ग उरतो.

अहवालात काय असावं याबद्दल मी आग्रही आहे. झोपून आणि उभ्याने, दोन्ही रुंदी. जवळच्या चांगल्या शिरेची रुंदी. पिशवी की नळी. गुठळी आहे की नाही. घडीपासून किती वर किंवा खाली. आणि दुसऱ्या पायाची तीच तपासणी, कारण फुगवटा दोन्ही बाजूंना असू शकतो. नुसतं ‘शीर रुंद’ एवढंच लिहून दिलेला कागद मुंबईत पोचला, की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

डी-डायमर या रक्ततपासणीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. संशय कमी असताना ती निगेटिव्ह आली तर ताजी गुठळी नाही असं मानता येतं. पण गुठळी नसलेला फुगवटा तिला कळत नाही. पायातली गाठ तपासायला तिचा उपयोग नाही. शिरेत औषध सोडून एक्स-रे काढण्याची जुनी पद्धत आता क्वचितच लागते. सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी उपयोगी आहे ती शस्त्रक्रियेचा नकाशा आखायला, पोटातल्या शिरा पाहायला आणि फुप्फुसातली गुठळी दाखवायला. ती मुंबईत, वापीत किंवा वलसाडला होऊ शकते. पण कुणाला तिकडे पाठवायचं, हे तालुक्यातच ठरलं पाहिजे.

तालुक्यात मात्र सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची तपासणी, असं समीकरण होऊन बसलं आहे. त्यामागे सबळ कारणं आहेत. माता-आरोग्य हा या भागाचा ज्वलंत प्रश्न आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी मातृत्व तपासणी त्याचाच भाग आहे. शिवाय गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आहे. महाराष्ट्राने तो देशात सर्वात आधी, १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्याखाली प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते आणि उचलून नेता येणारं यंत्र वाटेल तिथे नेता येत नाही. पाड्यावर किंवा शिबिरात छोटं यंत्र नेऊन पाय तपासावेत, ही कल्पना म्हणूनच इथे चालणारी नाही. कायदा सैल करा असं मी म्हणणार नाही. तो ज्या मुलींसाठी झाला त्यांचा प्रश्न संपलेला नाही. उपाय साधा आहे, आणि नोंदणी झालेल्या यंत्राच्या जागीच तो करता येतो. त्या यंत्राला पोटाच्या प्रोबबरोबर एक लिनिअर प्रोब जोडला, तर तेच यंत्र पायाच्या शिराही पाहू शकतं. दुसरी अडचण प्रशिक्षणाची आहे. एमबीबीएस डॉक्टरांसाठी २०१४ च्या नियमांनी जे सहा महिन्यांचं सोनोग्राफी प्रशिक्षण ठरवलं, ते पोट आणि ओटीपोटाचं आहे. पायाच्या शिरा त्यात येत नाहीत. मांडी आणि गुडघा या दोन जागी शीर दाबून मिटते का, एवढं पाहायला शिकवणं अवघड नाही. जगभर तातडीच्या विभागातले डॉक्टर ते शिकतात. डहाणूचं आणि कासाचं उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय आणि धुंदलवाडीचं खासगी वैद्यकीय महाविद्यालय इतक्या जवळ असताना हे प्रशिक्षण इथल्या इथे उभं राहू शकतं. डहाणूत आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे आणि त्याने सर्पदंशावर चांगलं काम केलं आहे. एकाच पायाला सूज घेऊन आलेल्या माणसांना पुढे काय निघालं, याची नोंद ठेवणं हे त्याच वळणाचं काम आहे.

सगळ्या गावाची तपासणी करत सुटावं, असं मात्र मला मुळीच वाटत नाही. एवढ्या विरळ आजारासाठी ते चुकीचं ठरेल. यंत्राचा वेळ बाळंतपणांकडून काढून घेतला जाईल. तीन दरवाजे पुरेत. गुडघ्यामागे किंवा जांघेत मऊ गाठ, फुप्फुसातली गुठळी, आणि व्हेरिकोज व्हेन्सची शस्त्रक्रिया किंवा लेझर ठरलेला रुग्ण. वीटभट्टीवर, फुग्यांच्या कारखान्यात, चिकूच्या वाड्यांत तासन्‌तास उभं राहणाऱ्यांत व्हेरिकोज शिरा असतातच, आणि त्यांची खोल शीर तपासताना न दुखणारा फुगवटा योगायोगाने हाती लागतो.

फुगवटा सापडल्यावरची वाट बऱ्याचदा तुटक असते. इथला माणूस राज्याची सीमा पाहत नाही. अच्छाडहून वापी आणि सिल्वासा मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. एक कागद गुजरातीत, एक इंग्रजीत, फिल्म एकीकडे आणि अहवाल दुसरीकडे, असं होतं. म्हणून रुग्णाच्या हातात फोटोंसह एकच फाइल असावी आणि जिथे पाठवायचं तिथे आधी फोन करावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव बसतं का, हे डहाणूतच तपासून घेतलं तर माणूस लोकलने मुंबई गाठून रेशनकार्डासाठी परत येत नाही. धाप, छातीत दुखणं किंवा बेशुद्धी असेल तर वाट न पाहता १०८.

मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत शस्त्रक्रिया सहसा रुग्णाला पालथं झोपवून, गुडघ्यामागून करतात : फुगलेली भिंत कापून काढायची आणि उरलेली शीर शिवायची. मज्जातंतू जपावा लागतो. त्यानंतर साधारण तीन ते सहा महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालतात. वॉरफरिन दिलं तर आयएनआर ही रक्ततपासणी वरचेवर लागते, आणि इथे रुग्ण निसटतो : लावणी आली की तो शेतावर, दिवाळी झाली की भिवंडी-वसईच्या भट्टीवर. आयएनआर तालुक्याच्या रुग्णालयात होणार नसेल, तर ज्यांना ती तपासणी लागत नाही अशा नव्या गोळ्या परवडतील का आणि मिळतील का, हे घरी पाठवण्याआधीच ठरवावं. भट्टीवर जाणाऱ्याच्या हातात गोळीचं नाव, डोस, थांबवण्याची तारीख आणि पुढच्या डॉपलरचा महिना मराठीत लिहिलेली चिठ्ठी द्यावी. तिची एक प्रत त्याच्या गावच्या आशाताईंकडे ठेवावी, म्हणजे भट्टीचा हंगाम संपून तो परतला की तपासणीची आठवण त्याच करून देतील.